सेकंदाला शंभर वेळा थांबणारं पातं

रेसिप्रोकेटिंग सॉ, म्हणजे पुढे-मागे चालणारी विजेवरची करवत, पूर्ण वेगात चालू असली की तिचं पातं मिनिटाला जवळजवळ ३००० वेळा पुढे जाऊन मागे येतं. सेकंदाला ५० फेऱ्या. दिशा उलटी करायची तर कुठल्याही वस्तूला आधी थांबावं लागतं. त्यामुळे प्रत्येक फेरीत हे पातं दोनदा थांबतं, एकदा पुढच्या टोकाला आणि एकदा मागच्या. आपल्या डोळ्यांना जी नुसती धूसर पट्टी दिसते, ती सेकंदाला १०० वेळा पूर्ण निश्चल होते आणि १०० वेळा पुन्हा धावत सुटते.

घरातली जुनी चौकट काढायची आहे, गंजलेला पाईप कापायचा आहे, ओट्याखालचं कुजलेलं प्लायवूड उचकटायचं आहे, म्हणून माणूस दुकानात जातो आणि खोक्यावरचे वॉटचे आकडे वाचू लागतो. वॉट महत्त्वाचे आहेतच. पण या यंत्राची निवड मला विचाराल तर त्या थांबण्यापासून सुरू होते. पात्याची धाव किती लांब असावी, दात किती असावेत, यंत्र हातात किती थरथरेल, धातू कापताना वेग का कमी करायचा, या सगळ्यांची उत्तरं त्या पुढे-मागे होण्यात दडलेली आहेत. एकदा ते समजलं की दुकानातली आकड्यांची भाषा आपोआप उलगडते.

आधी थोडं गणित, कारण त्यातूनच या यंत्राचा खरा चमत्कार दिसतो. मोठ्या सॉच्या पात्याची धाव साधारण २८ ते ३२ मिलिमीटर असते. २८ मिलिमीटर धरू. सेकंदाला ५० फेऱ्या म्हणजे पातं एका सेकंदात २.८ मीटर अंतर कापतं. सरासरी वेग ताशी १० किलोमीटर, रमतगमत चालवलेल्या सायकलीइतका. धावेच्या मध्यावर तो सर्वाधिक असतो, सुमारे ४.४ मीटर प्रतिसेकंद, आणि टोकांना शून्य. यात काही विशेष वाटत नाही. पण आता त्वरण पाहा. एका टोकाला शून्य असलेला वेग सेकंदाच्या २०० व्या भागात ४.४ मीटर प्रतिसेकंदापर्यंत चढतो, आणि तितक्याच वेळात पुन्हा शून्यावर येतो. टोकांवर पात्याला मिळणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १४० पट असतं. अवकाशात निघालेल्या अंतराळवीराला उड्डाणाच्या वेळी साधारण तीन-चार पट सोसावं लागतं. इथे चार किलोच्या, हातात मावणाऱ्या यंत्रातली एक मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी सेकंदाला १०० वेळा १४० पट सोसते, तीही मधल्या काळात लाकूड किंवा लोखंड खात असताना.

मोटर मात्र गोल फिरते. गोल फिरण्याचं सरळ पुढे-मागे करायचं ही युक्ती माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि ती कुठे सापडते हे कळल्यावर मी हरखून गेलो होतो. आजच्या तुर्कस्तानात, पामुक्कलेजवळ, हिएरापोलिस नावाच्या प्राचीन रोमन शहराचे अवशेष आहेत. तिथे मार्कुस आउरेलिउस अम्मियानोस या माणसाच्या दगडी शवपेटीवर एक चित्र कोरलेलं आहे. पाण्याच्या चाकाने दंतचक्रं फिरतात, त्यांच्या भुजांना दांडे जोडलेले आहेत, आणि ते दांडे दोन करवती पुढे-मागे ओढून दगड कापत आहेत. काळ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाचा उत्तरार्ध. फिरती भुजा आणि तिला जोडलेला दांडा या जोडीचा आज माहीत असलेला हा सर्वांत जुना पुरावा मानला जातो. पुढे हीच जोडी वाफेच्या इंजिनात, शिवणयंत्रात, मोटारीच्या इंजिनात आली. पण तिचं पहिलं ठाऊक असलेलं काम करवत चालवणं हेच होतं.

हातात धरून वापरायची विजेवरची रेसिप्रोकेटिंग सॉ बाजारात आली ती १९५१ मध्ये, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरातून. मिलवॉकी इलेक्ट्रिक टूल या कंपनीने तिला ‘सॉझॉल’ हे व्यापारी नाव दिलं, आणि अमेरिकेत आजही कुठल्याही कंपनीच्या अशा करवतीला कारागीर सर्रास याच नावाने हाक मारतात. आपल्याकडे दुकानदार तिला रेसिप्रोकेटिंग सॉ म्हणतात, काही कंपन्यांच्या खोक्यावर सेबर सॉ असं लिहिलेलं असतं. वस्तू तीच.

आतली रचना दोन प्रकारची असते. एका प्रकारात फिरत्या चाकावर मध्यापासून थोडी बाजूला एक खुंटी असते. ती एका आडव्या खाचेत फिरते आणि खाचेला जोडलेला दांडा पुढे-मागे सरकतो. दुसऱ्या प्रकारात आसावर तिरकी बसवलेली तबकडी असते. ती फिरताना डोलते आणि त्या डोलण्यातून दांडा सरकतो. मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, दंतचक्रं ते कमी करतात, आणि शेवटी पात्याच्या वाट्याला त्या ३००० फेऱ्या येतात. पाहायला गेलं तर इतकंच. वर्तुळावर फिरणाऱ्या बिंदूची सावली भिंतीवर पडावी आणि ती सावलीच करवत व्हावी, असं हे यंत्र आहे.

मग सरळ गोल चकतीच का वापरू नये? ग्राइंडर तर घरोघरी असतो. १०० मिलिमीटर चकतीचा ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे घेतो तेव्हा चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर होतो, ताशी २०० किलोमीटरच्या वर. ती कधी थांबत नाही, दिशा बदलत नाही, म्हणून इतका वेग तिला परवडतो. पण त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे ठिणग्यांचा फवारा: पडदा, भुसा, जुना रंग, जवळपास काही असो, तो कुठेही जातो. दुसरी म्हणजे खोली. चकतीचा मधला भाग यंत्रातच अडकलेला असतो, त्यामुळे १०० मिलिमीटर चकती जेमतेम २५-३० मिलिमीटर आत जाते. रेसिप्रोकेटिंग सॉचं पातं फक्त मागच्या टोकाला धरलेलं असतं, पुढचं टोक मोकळं. ते फटीत शिरतं, चौकटीच्या मागे जातं, पाईपच्या पलीकडे पोचतं. जिथे चाक मावत नाही तिथे पट्टी मावते. या यंत्राचं सगळं मोल त्या मोकळ्या टोकात आहे.

अमेरिकेत ते इतकं लोकप्रिय का झालं, याचं कारण तिथल्या घरांत आहे. तिथली बहुतेक राहती घरं लाकडी सांगाड्याची असतात. भिंतीच्या आत दोन बाय चार म्हणून ओळखले जाणारे, प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांचे उभे दांडे साधारण दर १६ इंचांवर असतात आणि सगळं खिळ्यांनी ठोकलेलं असतं. खिडकी बदलायची तर चौकट आणि दांडा यांमधल्या फटीत लांब, लवचीक पातं घालायचं आणि मधले खिळे कापत जायचं. चारी बाजूंचे खिळे तुटले की आख्खी खिडकी न फुटता हातात येते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही जुनं घर घेऊन तळघर किंवा मागचा लाकडी डेक स्वतः दुरुस्त करणारे असतात, कारण कारागिराची मजुरी फार पडते. अशा घराच्या गॅरेजमध्ये ही करवत असणं साहजिक आहे.

महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवं. आपली घरं विटा, सिमेंट आणि सळईची. भिंत पाडायची तर छिन्नी-हातोडा किंवा ब्रेकर. पक्क्या विटेच्या भिंतीसाठी रेसिप्रोकेटिंग सॉ विकत घेणं म्हणजे पैसे आणि पाती दोन्ही वाया. मात्र भिंतीला जोडलेलं जे असतं, तिथे तिच्यासारखं यंत्र नाही. गंजून गच्च बसलेला जीआय पाईप, यूपीव्हीसीचे सांडपाण्याचे पाईप, ॲल्युमिनियमची सरकती खिडकी, खिडकीची जाळी, भिंतीतल्या फर्निचरचं प्लायवूड, दाराची चौकट. जुन्या मुंबईच्या इमारतींत बाहेरून जाणारे बीडाचे पाईप असतात. बीड ठिसूळ, हातोडा मारला तर हवा तो तुकडा फुटतोच, पण तडा खालच्या चांगल्या पाईपातही उतरतो. कार्बाइडच्या दातांचं पातं तो पाईप ठोका न देता कापतं. सिपोरेक्सचे हलके ठोकळेही कार्बाइडच्या लांब पात्याने कापता येतात.

आणि मग जुनं लाकूड. पुण्या-नाशिकचे वाडे खांब आणि तुळयांच्या सांगाड्यावर उभे आहेत, मुंबईच्या जुन्या इमारतींतही लाकडाचा सांगाडा भरपूर आहे, आणि त्यातलं कितीतरी सागवान समुद्रमार्गे ब्रह्मदेशातून आलेलं. असं घर उतरवलं की ते लाकूड पुन्हा विकलं जातं आणि त्याची दारं, टेबलं होतात. पण त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे खिळे असतात, कित्येक आत तुटलेले, वरून न दिसणारे. सुताराची चांगली करवत अशा एका खिळ्यावर आपले दात घालवते. लाकूड आणि खिळा दोन्ही एकाच घासात कापणारं पातं ही म्हणूनच आपल्याकडे चैन नाही.

आता पात्याकडे येतो, आणि इथे थोडा थांबणार आहे, कारण यंत्रापेक्षा पात्याची निवड महत्त्वाची आहे असं माझं ठाम मत आहे. साधारण यंत्रात योग्य पातं चालून जातं. उत्तम यंत्रात चुकीचं पातं चालत नाही.

पात्यावर एका इंचात किती दात आहेत हा आकडा छापलेला असतो. ६ दात म्हणजे दोन दातांत सुमारे ४.२ मिलिमीटर अंतर. २४ दात म्हणजे सुमारे १ मिलिमीटर. लाकडाला कमी दात आणि पातळ लोखंडाला जास्त, हे कुठल्याही दुकानात सांगतील. पण असं का, ते पुन्हा त्या पुढे-मागे होण्यापाशी येऊन पोचतं.

समजा १०० मिलिमीटर जाडीचा खांब कापतोय आणि पात्याची धाव २८ मिलिमीटर आहे. खांबाच्या मधोमध असलेला दात १४ मिलिमीटर पुढे जातो, १४ मिलिमीटर मागे येतो. तो कधीच लाकडाबाहेर पडत नाही! हातकरवतीचा दात लांब धावेत भुसा बाहेर नेऊन टाकतो; हा दात मात्र आपला भुसा घेऊन आतच घुटमळतो. त्याने सोललेला भुसा दोन दातांमधल्या खाचेत साठतो, शेजारच्या दाताच्या हद्दीत ढकलला जातो, असा टप्प्याटप्प्याने कडेला येतो. खाच लहान असेल तर ती भरते, दात लाकडाला टेकतच नाहीत, पातं नुसतं घासत राहतं आणि तापून लाकूड काळं पडतं. म्हणून जाड लाकडाला मोठ्या खाचांचं, ५ ते ८ दातांचं पातं. म्हणूनच अनुभवी कारागीर कापताना यंत्र हळूहळू वर-खाली झुलवतो: तसं केल्याने एका वेळी कमी दात लाकडात राहतात आणि भुशाला वाट मिळते. धाव जास्त लांब असलेलं यंत्र जाड लाकडात वेगाने का कापतं, तेही यावरून कळतं. दोन यंत्रांपैकी एकाचे वॉट जास्त आणि दुसऱ्याची धाव चार मिलिमीटर जास्त असेल, तर लाकडाच्या कामासाठी मी धावेच्या बाजूने झुकेन.

पातळ धातूत अडचण उलटी. घरगुती वापरातला अर्धा इंची मध्यम जाडीचा जीआय पाईप घ्या. त्याची भिंत २.६ मिलिमीटरची असते. ६ दातांचं पातं लावलं तर दोन दातांच्या मधल्या पोकळीत ही आख्खी भिंत शिरते, पुढचा दात तिच्यावर आदळतो आणि तुटतो. निदान दोन-तीन दात एकाच वेळी धातूवर टेकलेले हवेत. १८ ते २४ दातांचं पातं इथे लागतं. खिळे असलेल्या जुन्या लाकडाला साधारण ६ ते १० दात, म्हणजे भुशालाही जागा आणि खिळ्यालाही आधार. एक पातं सगळ्याला चालत नाही, आणि तसं सांगणाऱ्याचं ऐकू नये.

दाताच्या पोलादाची कहाणी तर मला यंत्राच्या कहाणीइतकीच थोर वाटते. दात कठीण हवा. पण कठीण पोलाद ठिसूळ असतं आणि फटीत शिरणाऱ्या पात्याला वाकावं लागतं. वाकणारं पोलाद मऊ, त्याचे दात लगेच बोथट. वर उष्णतेचा प्रश्न: साधं कार्बन पोलाद २००-२५० अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की कठीणपणा गमावू लागतं, आणि धातू कापताना दाताच्या टोकाला तितकं तापमान सहज गाठलं जातं. यावरचं एक उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी शोधलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या प्रक्रियेने बनवलेली हत्यारं लालसर तापेपर्यंत लोखंड कापत राहिली, आणि पाहणारे थक्क झाले. हायस्पीड स्टील म्हणून ओळखलं जाणारं हे पोलाद सुमारे ६०० अंशांपर्यंत धार टिकवतं.

आजच्या बायमेटल पात्यात दोन्ही पोलादं एकत्र नांदतात. पाठ लवचीक स्प्रिंग स्टीलची, तिच्या कडेला हायस्पीड स्टीलची बारीक पट्टी, बहुधा आठ टक्के कोबाल्ट असलेल्या जातीची. ही जोडणी इलेक्ट्रॉनांच्या झोताने किंवा लेझरने वितळवून करतात, आणि मग त्या जोडलेल्या कडेत दात कापतात. हातात पातं घेऊन उन्हात तिरकं धरलं तर दातांच्या खाली ती जोडरेषा कधीकधी दिसते. एका मिलिमीटर जाडीच्या पट्टीत एक पोलाद वाकण्यासाठी आणि दुसरं न वाकण्यासाठी! घरकामाला बायमेटलच घ्यावीत. स्वस्तातली कार्बन पोलादाची पाती झाडाच्या फांद्या किंवा स्वच्छ लाकूड सोडून कशाला घेऊ नयेत. बीड, स्टेनलेस स्टील, कडक केलेले स्क्रू यांना कार्बाइडचे दात.

लांबी आणि जाडी यांचं गणितही सुंदर आहे. एका टोकाला धरलेली पट्टी किती वाकेल हे लांबीच्या घनावर अवलंबून असतं. ३०० मिलिमीटरचं पातं १५० च्या पात्यापेक्षा तितक्याच दाबाला आठपट वाकतं. उलट जाडी ०.९ वरून १.६ मिलिमीटर केली की ताठपणा साडेपाच पटींनी वाढतो. खिळे कापायला चौकटीमागे वाकून शिरायचं असेल तर पातळ, लांब पातं. सरळ काप हवा असेल तर जाड आणि गरजेपुरतं लांब. गरज म्हणजे वस्तूची जाडी, अधिक पात्याची धाव, अधिक थोडी सोय. इतकं नसेल तर पात्याचं टोक मागे येताना कापाच्या आत शिरतं, पुढे जाताना पलीकडच्या बाजूवर ठोकलं जातं आणि पातं वेडंवाकडं होतं.

वेगाची कळ चांगली असणं ही मी न सोडणारी अट आहे. बोटाच्या दाबावर वेग शून्यापासून वाढला पाहिजे. लाकडाला पूर्ण वेग, लोखंडाला निम्मा किंवा त्याहून कमी, स्टेनलेसला आणखी कमी. कारण वेग म्हणजे उष्णता, आणि उष्णता म्हणजे दाताचा शेवट. काही यंत्रांत ऑर्बिटल नावाची सोय असते. तीत पातं नुसतं पुढे-मागे न जाता लंबगोलात फिरतं. मागे येताना लाकडात घुसतं, पुढे जाताना किंचित बाजूला होतं. लाकडाला उत्तम, धातू कापताना ती बंद ठेवायची.

मागे येताना घुसतं असं म्हटलं, कारण या पात्यांचे दात सहसा यंत्राकडे वळलेले असतात. ती ओढताना कापतात. पातळ पट्टी ढकलली तर वाकते, ओढली तर ताणली जाऊन सरळ राहते. जपानी सुतारांच्या नाजूक करवती याच तत्त्वावर चालतात. पण न्यूटनचा नियम इथे आपलं देणं मागतो. पातं वस्तूला यंत्राकडे ओढतं तेव्हा यंत्रही वस्तूकडे ओढलं जातं. म्हणून पात्याभोवती जी लोखंडी चौकट असते, जिला शू म्हणतात, ती वस्तूवर घट्ट टेकवून ठेवायची. शू टेकलेला असेल तर ओढ आणि आधार एकमेकांना तोलतात आणि कापणं चालू राहतं. शू सुटला की पातं वस्तूत अडकून जागीच राहतं आणि उरलेलं चार किलोचं यंत्र माणसासकट पुढे-मागे होऊ लागतं. नवशिक्याला हे यंत्र रानटी वाटतं त्याचं निम्मं कारण हेच.

उरलेलं कारण ते १४० पट त्वरण. पातं आणि त्याला धरणारा दांडा मिळून ३०० ग्रॅम धरले, तर त्यांना टोकाला थोपवून परत पाठवायला सुमारे ४० किलो वजनाइतकं बल लागतं, सेकंदाला १०० वेळा, दिशा बदलत. ते शेवटी आपल्या मनगटात येतं. चांगल्या यंत्रात याला उतारा असतो: पातं पुढे जाताना तितकंच वजन आत मागे सरकतं. ही सोय असलेलं यंत्र थोडं जड आणि महाग असतं. मी ते पैसे आनंदाने देईन.

कारण थरथर ही केवळ गैरसोय नाही. १९१८ मध्ये डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडी घडवणाऱ्या कामगारांचा अभ्यास केला. हवेच्या दाबावरची हत्यारं वापरणाऱ्या या दगड-कारागिरांची बोटं थंडीत पांढरी आणि बधिर पडत होती. आज युरोपीय संघात यावर नियम आहे: आठ तासांच्या कामाला सरासरी २.५ मीटर प्रतिसेकंदवर्ग या पातळीला उपाय सुरू करायचे, ५ ही कमाल मर्यादा. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत थरथरीचा आकडा दिलेला असतो. तो २० असेल तर, वेळेचा हिशेब वर्गाच्या प्रमाणात होत असल्याने, पहिली पातळी साडेसात मिनिटांत गाठली जाते आणि कमाल मर्यादा अर्ध्या तासात. दिवसभर हेच काम करणाऱ्या मजुराच्या हातात आपण कोणतं यंत्र देतो, हा प्रश्न म्हणून मला फार महत्त्वाचा वाटतो. बोटांतली ती संवेदना एकदा गेली की नीट परत येईलच असं नसतं.

वायरचं यंत्र घ्यावं की बॅटरीचं? १००० ते १३०० वॉटचं वायरचं यंत्र स्वस्त, न थकणारं आणि मोठ्या पाडकामाला योग्य. बॅटरीच्या बाजूने मात्र एक मुद्दा आहे जो मला निर्णायक वाटतो: भिंतीजवळ कापायचं तर घराचा मेन स्विच बंद करणं आधी आलं, आणि मग वायरच्या यंत्राला वीज कुठून आणणार? १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९० वॉट-तास ऊर्जा असते. ७० किलोच्या माणसाला सुमारे ४७० मीटर उंच उचलायला तेवढी पुरते. तळहाताएवढ्या डब्यात हे साठतं याचं मला अजूनही नवल वाटतं. तरी ११०० वॉट सलग ओढले तर ती पाच मिनिटांत संपेल. म्हणून बॅटरीचं यंत्र म्हणजे थांबत थांबत कापायचं काम. सदनिकेत राहणाऱ्याने, घरात आधीच त्याच कंपनीच्या बॅटरीचं ड्रिल असेल तर, एका हाताने धरता येणारी छोटी सॉ घ्यावी. तिची धाव कमी असते, पण पाईप आणि प्लायवूडला पुरते. वाडा उतरवणाऱ्याने मोठी घ्यावी. एकदाच स्वयंपाकघर काढायचं असेल, तर यंत्र भाड्याने आणि पाती मात्र स्वतः निवडून नवीन.

हे पातं आंधळं आहे, हे विसरू नये. त्याचं टोक भिंतीपलीकडे काय आहे ते पाहत नाही. कन्सील्ड वायरिंग, पाण्याची लाइन, गॅसची लाइन कुठून जाते ते आधी शोधायचं, वीज आणि पाणी बंद करायचं. जुने सिमेंटचे पत्रे कापायचे नाहीत. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर कैक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. डोळ्यांना गॉगल, कानांना संरक्षण, तोंडाला एन-९५ मास्क. वजन पेलणारी तुळई टेकू दिल्याशिवाय कापायची नाही. दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईचा वरचा भाग दाबलेला असतो आणि खालचा ताणलेला. वरून कापलं की काप मिटतो आणि पातं चिमटीत सापडतं. भिंतीतून बाहेर आलेल्या वाशाचं किंवा झाडाच्या फांदीचं याच्या नेमकं उलट.

यंत्र निवडताना शूकडे शेवटी एकदा पाहा: तो पुढे-मागे सरकवता येतो का? पत्रा किंवा पातळ नळी कापताना पात्याचा तेवढाच भाग झिजतो जेवढी त्याची धाव, म्हणजे जेमतेम ३० मिलिमीटर. इंचभर जाडीचा पाईप असेल तर ५०-५५. २३० मिलिमीटर पात्याचे बाकीचे दात कोरे राहतात आणि आपण पातं बोथट झालं म्हणून टाकून देतो. शू ३० मिलिमीटर पुढे सरकवला की वस्तूसमोर नवे दात येतात. यंत्र बंद करायचं, बॅटरी किंवा प्लग काढायचा, शूची कळ सैल करून तो पुढच्या खाचेत बसवायचा. पातं नुकतंच वापरलेलं असेल तर त्याला बोट लावू नका, ते बराच वेळ तापलेलं असतं.